क्रीडावैद्यकात करिअर: दुखापतीच्या वाटेवर तुम्ही कुठे उभे राहणार?

क्रीडावैद्यकात यायचंय म्हणणारी बहुतेक मुलं-मुली आधी विचारतात, 'कोर्स कोणता करू?' माझ्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा: खेळाडूला दुखापत होते तेव्हा नेमक्या कोणत्या टप्प्यावर तुम्हाला त्याच्याजवळ असायचंय? तो मैदानात कोसळल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत? निदान करताना? शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी? त्यानंतरच्या लांबलचक, कंटाळवाण्या महिन्यांत? की दुखापत होऊच नये म्हणून त्याही आधी? या प्रत्येक जागी वेगळा माणूस उभा असतो. त्याचं शिक्षण वेगळं, दिनक्रम वेगळा आणि त्यासाठी लागणारा स्वभावही वेगळा. जागा पक्की झाली की कोर्स शोधणं सोपं जातं. आधी पदवी आणि मग विचार, असं केलं की हातात प्रमाणपत्र आल्यावर लक्षात येतं की आपल्याला दिवसभर ओपीडीत बसायचंच नव्हतं.

मी फिजिओ आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लेखात दिसेलच. पण हा लेख शाळा संपवत आलेल्यांसाठी जितका आहे, तितकाच आधीच डॉक्टर, नर्स, फिजिओ किंवा प्रशिक्षक असून खेळाकडे वळू पाहणाऱ्यांसाठीही आहे.

सामना सुरू असताना बॅग घेऊन मैदानात धावत जाणारा माणूस टीव्हीवर दिसतो, तो या क्षेत्राचा अगदी छोटा तुकडा आहे. नामवंत संघांबरोबर काम करणारे मोजकेच. बाकीच्यांचे पेशंट म्हणजे शाळेतले खेळाडू, हौशी धावपटू, नर्तक, सैन्यातले जवान, टाच दुखते म्हणून चालणं सोडलेली मध्यमवयीन माणसं आणि हृदयविकारातून उठून पुन्हा व्यायाम सुरू करणारे आजी-आजोबा. हे काम कमी दर्जाचं आहे असं वाटत असेल तर या क्षेत्रात येऊच नका, असं मी अगदी स्पष्ट सांगेन.

पायरी पहिली: एका गुडघ्याचा प्रवास शेवटपर्यंत पाहा

एक फुटबॉल खेळणारी मुलगी धावता धावता दिशा बदलते. कोणाचा धक्का लागलेला नाही. बूट गवतात रुततो, गुडघा आतल्या बाजूला वळतो आणि 'कट्' असा आवाज तिला स्वतःलाच जाणवतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलेलं आहे. ही दुखापत बहुतेक वेळा अशीच, कोणी न धडकता होते.

तिच्याजवळ सर्वांत आधी पोचतो तो संघाचा फिजिओ किंवा अ‍ॅथलेटिक ट्रेनर. हाड मोडलंय का, पावलापर्यंत रक्तपुरवठा नीट आहे का, गुडघा निखळला तर नाही ना, एवढं तो काही क्षणांत पाहतो आणि खेळ थांबवतो. काही तासांत गुडघा टम्म सुजतो. मग क्रीडावैद्य तो गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून, मांडी एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतो. याला लाकमन टेस्ट म्हणतात. चांगल्या गुडघ्यात नडगी पुढे येता येता एकदम अडते. लिगामेंट तुटलं असेल तर ती अडत नाही, हाताला नुसतं मऊ लागतं. एमआरआय त्यानंतर होतो आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्टही याच साखळीतला एक दुवा असतो.

पुढे शल्यविशारद येतो, पण प्रत्येक वेळी नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात एसीएल तुटलेल्या १२१ तरुण रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधी व्यायामोपचार दिले आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनंतर दुसऱ्या गटातल्या सुमारे ६० टक्के लोकांना शस्त्रक्रिया लागलेलीच नव्हती आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था जवळपास सारखी होती. यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष सगळ्यांना सरसकट लावता येत नाही. तरी कोणाला कापायचं आणि कोणाला नाही हे ठरवणं ही किती बारकाईची कला आहे, हे त्यावरून समजतं.

शस्त्रक्रिया झालीच, तर पहिल्या आठवड्यात फिजिओचं काम बघायला जा. मुलगी पाठीवर झोपलेली असते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी. 'मांडी घट्ट कर आणि गुडघा खाली दाब' असं सांगितलं की ती सगळा जोर लावते, चेहरा लाल होतो आणि मांडीत काहीच हलत नाही. स्नायू जागेवरच असतो, पण सांध्याच्या सुजेमुळे मज्जारज्जू त्या स्नायूकडे जाणारा संदेश दाबून ठेवतो. दिवसभरात पुन्हा पुन्हा प्रयत्न, कधी त्वचेवर इलेक्ट्रोड लावून विजेचे हलके झटके, बर्फ, पाय उंचावर. मग एखाद्या सकाळी गुडघ्याच्या वाटीच्या वर एक बारीक थरथर दिसते. बाहेरच्या माणसाला ती दिसणारही नाही. आमच्यासाठी तो दिवस सोन्याचा असतो. ती थरथर बघून तुम्हालाही आनंद होणार असेल, तर तुमची जागा बहुधा इथेच आहे. असल्या गोष्टींत जीव रमत नसेल तर या जागेवर वर्षं काढणं अवघड जाईल.

याच काळात आहारतज्ज्ञाचा मोठा हातभार लागतो, कारण सराव बंद झाला की बऱ्याच खेळाडू जेवण एकदम कमी करतात आणि शरीराला नेमकी गरज असताना प्रथिनं कमी पडतात. 'पुन्हा तसंच वळले तर?' ही भीती क्रीडामानसतज्ज्ञ हाताळतो. गुडघा डोळ्यांना बरा दिसू लागल्यावर स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच आणि फिजिओ मिळून उड्या, थांबणं, वळणं, धावणं असं सगळं पायरीपायरीने परत आणतात. परतीची घाई किती महाग पडते, याचं एक ठळक उदाहरण २०१६ च्या अभ्यासात आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं पुढे ढकललं, तितका दर महिन्यागणिक गुडघ्याच्या नव्या दुखापतीचा दर ५१ टक्क्यांनी घटला. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के व्हावी, हा निकषही आज बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

साखळीचं आणखी एक टोक आहे, ते दुखापतीच्या आधीचं. फिफाचा '११+' हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअप नॉर्वेतल्या किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींच्या संघांत वापरून पाहिला गेला. २००८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. हे काम करणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, कारण न झालेली दुखापत कोणाला दिसत नाही. मला मात्र या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं.

आता एक कागद घ्या आणि या प्रवासातल्या ज्या दोन जागा वाचताना तुम्ही जरा थांबलात, त्या लिहून ठेवा.

पायरी दुसरी: त्या दोन जागांचं शिक्षण समजून घ्या

क्रीडावैद्य. हा आधी पूर्ण डॉक्टर असतो. वैद्यकीय पदवी, त्यानंतर विशेष शिक्षण. ब्रिटनमध्ये २००५ साली 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज मेडिसिन' ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मान्य झाली. अमेरिकेत फॅमिली मेडिसिन, बालरोग, इमर्जन्सी मेडिसिन किंवा पुनर्वसन अशा एखाद्या शाखेत विशेष शिक्षण घेऊन त्यावर साधारण वर्षभराची फेलोशिप करतात. वैद्यकीय प्रवेशापासून स्वतंत्र कामापर्यंत दहा वर्षं सहज जातात. यात सांधे आणि स्नायूच असतील असं समजू नका. खेळाडूचा दमा, रक्तक्षय, पाळीच्या तक्रारी, प्रवासातला ताप, हृदयाची तपासणी, कोणतं औषध उत्तेजक द्रव्यांच्या यादीत येतं, हे सगळं त्याच्याच टेबलावर येतं. ज्याला शस्त्रक्रिया करायची आहे त्याची वाट ऑर्थोपेडिक्समधून जाते आणि तो रस्ता वेगळा आहे. खेळातल्या बहुतेक दुखापतींना शस्त्रक्रिया लागत नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवावं.

फिजिओथेरपिस्ट. देशानुसार तीन ते पाच वर्षांची पदवी. अमेरिकेत तर पदवीनंतर साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट. क्रीडा फिजिओ होण्यासाठी आधी सर्वसाधारण फिजिओ व्हावं लागतं, आणि तसंच असलेलं बरं. पक्षाघाताच्या वॉर्डात, आयसीयूत, म्हाताऱ्या माणसांना उठवून बसवताना जे हात तयार होतात, ते मैदानावर उपयोगी पडतात. 'मला फक्त खेळाडू हवेत' म्हणून ती वर्षं ढकलत काढणारे विद्यार्थी पुढे कच्चे राहिलेले मी पाहिले आहेत.

अ‍ॅथलेटिक ट्रेनर. जिममध्ये व्यायाम करून घेणाऱ्या ट्रेनरपेक्षा हा अगदी वेगळा आरोग्य व्यावसायिक आहे. प्रामुख्याने अमेरिकेत हा स्वतंत्र, मान्यताप्राप्त व्यवसाय असून तिथे आता त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते आणि त्यानंतर प्रमाणपत्राची परीक्षा. कॅनडात याच्या जवळचं काम अ‍ॅथलेटिक थेरपिस्ट करतात. बऱ्याच देशांत हे पदच नाही, तिथे ही भूमिका फिजिओ निभावतो. २ जानेवारी २०२३ रोजी बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू दमार हॅमलिन टॅकलनंतर उठला आणि पुन्हा कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावर त्याला सीपीआर देणारा, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणारा, डेनी केलिंगटन हा संघाचा सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर होता. हॅमलिन त्याच वर्षी पुन्हा खेळायला उतरला.

स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच. हा उपचार करत नाही, शरीर तयार करतो. क्रीडाविज्ञानाची पदवी आणि त्यावर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असा साधारण मार्ग आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या एनएससीए या संस्थेचं सीएससीएस हे प्रमाणपत्र बऱ्याच देशांत ओळखलं जातं. पहाटे उठायची सवय नसेल तर आधी ती लावून घ्या, कारण सराव पहाटेच असतात.

क्रीडा आहारतज्ज्ञ. आधी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हा, मग खेळाकडे वळा. अनेक देशांत 'न्यूट्रिशनिस्ट' ही पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून नोंदणी हीच तुमची खरी ओळख ठरते. या कामात पावडरी आणि गोळ्यांपेक्षा पुरेसं न खाणाऱ्यांना ओळखणं जास्त महत्त्वाचं आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं सतत कमी पडलं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक भेगा पडतात, मन उदास होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं आणि ती मुलग्यांनाही होते हे ठासून सांगितलं. वजनगट असलेले खेळ, लांब पल्ल्याची धाव, जिम्नॅस्टिक्स इथे डोळे उघडे ठेवावे लागतात.

क्रीडामानसतज्ज्ञ. इथे दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. एक परवानाधारक मानसशास्त्रज्ञाची. त्याला नैराश्य, खाण्याचे विकार, आघात यांवर उपचार करता येतात. दुसरी क्रीडाविज्ञानातून येणारी, एकाग्रता, तयारी, सामन्याआधीचा ताण यांसारखी मानसिक कौशल्यं शिकवणारी. दुसऱ्या वाटेने आलेल्याने पहिल्याचं काम करायला जाणं धोक्याचं आहे.

व्यायामशास्त्रज्ञ म्हणजे एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट हा पर्याय फार थोड्यांना माहीत असतो. ऑस्ट्रेलियात तो मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसाय आहे. मधुमेह, हृदयविकार, कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा, अशा माणसांसाठी व्यायाम औषधासारखा मोजून लिहून देणं हे त्याचं काम. ज्यांना खेळाची आवड आहे पण शनिवार-रविवार घरच्यांना द्यायचे आहेत, त्यांनी हा पर्याय नक्की बघावा.

याशिवाय पावलांचे तज्ज्ञ, माउथगार्ड बनवणारे क्रीडादंतवैद्य, मसाज थेरपिस्ट, हालचालींचं मोजमाप करणारे बायोमेकॅनिक्सवाले आणि कृत्रिम पाय बनवणारे प्रोस्थेटिस्टही असतात. दिव्यांग क्रीडा हे तर वेगळंच दालन आहे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेविल रुग्णालयात मणक्याच्या दुखापती झालेल्या १६ स्त्री-पुरुष जवानांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकची पाळंमुळं तिथे आहेत. आजही खेळाडूंना दिव्यांगत्वानुसार योग्य गटात घालणाऱ्या पथकात डॉक्टर आणि फिजिओ लागतात आणि हे काम जाणणारी माणसं कमी आहेत.

पायरी तिसरी: प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला विचारायचे प्रश्न

जाहिरात पत्रक बाजूला ठेवा आणि हे विचारा: या पदवीवर व्यवसाय करायचा परवाना मिळतो का, आणि कोणत्या देशात? प्रत्यक्ष पेशंटबरोबर किती तास काम करायला मिळतं? त्यातले मैदानावरचे किती? तिथे देखरेख कोण करतं? शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मिळालं तर सावध व्हा.

काही महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सवर 'स्पोर्ट्स थेरपिस्ट' म्हणून लोकांवर उपचार करायची परवानगी मिळते, असा दावा दिसला तर तुमच्या देशाच्या नियामक संस्थेकडे आधी खात्री करा. परवाना सीमा ओलांडत नाही, हेही आधीच गृहीत धरा. एका देशातला पदवीधर दुसऱ्या देशात गेला की बहुतेक वेळा पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

पायरी चौथी: कोणतीही वाट धरा, या तीन गोष्टी आधी शिका

हृदय. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोणी धडकलेलं नसताना कोसळला. सीपीआर लगेच सुरू झाला, डिफिब्रिलेटर या यंत्राने हृदयाला विजेचा झटका वेळेत मिळाला आणि तो वाचला. हृदय असं थांबल्यावर सीपीआर नसेल, तर झटका देण्यात जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून मैदानावर पाय ठेवताच एईडी (मैदानावर वापरायची स्वयंचलित डिफिब्रिलेटर पेटी) कुठे आहे, तिची बॅटरी चालू आहे का आणि रुग्णवाहिका कोणत्या गेटने आत येईल, हे पाहायची सवय लावा. कोसळलेला खेळाडू आचके देत असेल किंवा अधूनमधून घशातून आवाज करत श्वास घेत असेल, तर ती आकडी (फिट) असेल म्हणून वाट पाहत बसू नका. हृदय थांबल्यावरही असं होतं.

उष्णता. उन्हात जोरदार सराव चालू असताना खेळाडू असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला आणि शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर तो उष्माघात. काख किंवा तोंडातलं तापमान इथे फसवतं, म्हणून गुदाशयातून घेतात. उपचार एकच: मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात, तेही ताबडतोब. आधी थंड करा, मग हॉस्पिटलला न्या. सुमारे अर्ध्या तासात तापमान उतरवलं तर हे खेळाडू बहुधा वाचतात. यातला मृत्यू टाळता येण्यासारखा असतो, म्हणूनच तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

डोकं. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला, तर बेशुद्ध न होताही तो गंभीर असू शकतो. साइडलाइनवर विचारायचे प्रश्न साधे असतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा कितवा हाफ? शेवटचा गोल कोणी केला? मागच्या सामन्यात कोणाशी खेळलो? तो जिंकलो का? तारीख-वार विचारून उपयोग नाही, ते हादरलेल्या मेंदूलाही बरेचदा सांगता येतं. सगळी उत्तरं बरोबर आली तरी मेंदूला काही झालेलं नाही असं समजू नका. शंका आली की त्या दिवसाचा खेळ संपला, मग समोर अंतिम सामना असो. या विषयावरची आंतरराष्ट्रीय सहमती पहिल्यांदा २००१ मध्ये व्हिएन्नात ठरली आणि दर काही वर्षांनी बदलत आली. २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला मागे पडला आहे. पहिले एक-दोन दिवस तुलनेने आराम आणि मग हलकं चालणं, असं आता सांगतात. म्हणजे तुम्ही विद्यार्थी असताना जे शिकाल त्यातलं बरंच नोकरीत बदलून घ्यावं लागेल.

पायरी पाचवी: मैदानावर जा, पण आपल्या हद्दीत राहा

शिकत असताना जवळच्या क्लबला, शाळेला किंवा धावण्याच्या स्पर्धेला मदत मागा. पाण्याचे टेबल सांभाळा, टेपिंगचं सामान लावा, नोंदी ठेवा. मॅरेथॉनचा वैद्यकीय तंबू ही फार चांगली शाळा आहे, कारण काही तासांत पायाच्या फोडापासून रक्तातलं सोडियम घसरून गोंधळलेल्या धावपटूपर्यंत सगळं दिसतं. तिथेच कळतं की कोसळलेल्या प्रत्येकाला पाणी पाजायचं नसतं. ज्याने आधीच खूप जास्त पाणी प्यायलंय, त्याला आणखी पाणी जीवघेणं ठरू शकतं.

विद्यार्थी असताना सांधा 'बसवून' द्यायचा नाही, मान मोडायची नाही, गोळी सुचवायची नाही, 'खेळ, काही होत नाही' असं म्हणायचं नाही. नोंदी मात्र ठेवा: कोण, केव्हा, कसं पडलं, लगेच काय दिसलं, काय केलं, कोणाला कळवलं. डॉक्टर संध्याकाळी तो कागद वाचतो, तेव्हा तुमची खरी परीक्षा होते.

वेगवेगळ्या खेळांच्या मैदानांवर वेळ काढा. ज्या खेळाची तुम्हाला आवड नाही, तिथे तर जरूर. पोहणाऱ्यांचे खांदे, नर्तकांचे घोटे, वेगवान गोलंदाजांची कंबर, प्रत्येकाच्या तक्रारी वेगळ्या असतात आणि प्रत्येकाची बोलण्याची पद्धतही वेगळी.

पायरी सहावी: 'नाही' म्हणायचा सराव करा

हे कोणत्याही अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. खेळाडूला खेळायचं असतं, कोचला तो हवा असतो, पालक बाहेर उभे असतात, आणि तुम्ही म्हणायचं असतं की आज नाही. हे वाक्य आवाज न चढवता आणि कारण एका ओळीत सांगून म्हणता आलं पाहिजे. आरशासमोर म्हणून पाहा, खरंच उपयोग होतो.

गुपित ठेवणंही इथे अवघड होतं. संघ तुम्हाला पगार देतो, पण खेळाडू तुमचा पेशंट असतो. काय कोचला सांगायचं आणि काय फक्त तुमच्यात राहायचं, हे मोसम सुरू व्हायच्या आधी खेळाडूशी बोलून लिहून घ्या. खेळाडू अल्पवयीन असेल तर एकट्याने बंद खोलीत तपासू नका. पालक किंवा दुसरी मोठी व्यक्ती जवळ असू द्या.

उत्तेजकांचे नियम सगळ्यांनाच माहीत हवेत, मसाज करणाऱ्यालाही. १९९९ मध्ये स्थापन झालेली वाडा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था प्रतिबंधित पदार्थांची यादी दरवर्षी नव्याने काढते आणि ती १ जानेवारीपासून लागू होते. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते, चूक कोणाचीही असो. तुम्ही दिलेली सर्दीची गोळी किंवा सुचवलेली भेसळयुक्त पावडर त्याची कारकीर्द संपवू शकते. वाडाच्या 'एडेल' या संकेतस्थळावर या विषयाचं मोफत शिक्षण मिळतं. ते याच आठवड्यात सुरू करता येईल.

पायरी सातवी: पहिली नोकरी घेताना

पहिली संधी बहुधा छोट्या क्लबची, अर्धवेळ आणि कमी पैशांची असते. ती घ्यायला हरकत नाही, पण वर्षानुवर्षं 'अनुभव मिळतोय ना' या आमिषावर फुकट राबू नका. तुमच्या बाजूला एखादं क्लिनिक किंवा हॉस्पिटलची ठरावीक दिवसांची नोकरी असली, की मैदानावर निर्भीडपणे निर्णय घेता येतात. पोटापाण्याची चिंता असलेला माणूस कोचला नकार द्यायला कचरतो.

करारावर सही करण्याआधी व्यवसाय विम्याचं संरक्षण संघ देतो की तुम्हाला स्वतःला घ्यावं लागेल, ते विचारा. प्रवासाचे दिवस कामात धरतात का? आणीबाणीची योजना लिहिलेली आहे का, आणि ती मागच्या वेळी कधी प्रत्यक्ष करून पाहिली? डॉक्टर सामन्याला हजर असतो की फक्त फोनवर? आधीचा फिजिओ का गेला? त्याच्याशी बोलायला मिळेल का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारा. 'मी एखाद्याला खेळायला नको म्हटलं, तर माझा निर्णय फिरवायचा अधिकार कोणाला आहे?' उत्तरात डॉक्टरचं नाव आलं तर ते लेखी मागून घ्या. कोचचं किंवा मालकाचं नाव आलं, तर सही करू नका आणि दुसरा संघ शोधायला लागा.